वाकळेवर पान-फूल: कड आत वळवून हाताने आकार शिवायची पद्धत

वाकळ आपल्या भागात कुणाला नवी नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं मांडायची आणि बाहेरच्या कडेकडून आत येत लांब धावदोरा घालून सगळे थर एकदम शिवायचे, हे बघतच कोल्हापुरातल्या कितीतरी जणी मोठ्या झाल्या. इथे सांगणार आहे ते काम तिच्या शेजारचंच, पण सावकाश चालणारं. पान, चंद्र, फूल असा एखादा आकार कापायचा, त्याची कड आत वळवायची आणि टाका दिसणार नाही अशा बेताने तो एकेरी कापडावर शिवायचा. असे चौकोन जोडून मग वाकळ, दुपटं, उशीचा अभ्रा, काय हवं ते करता येतं. क्लासमध्ये याला ॲप्लिक वर्क म्हणतात. ओडिशातल्या पिपलीचे चांदवे आणि सौराष्ट्रातलं कटाब याच घराण्यातलं.

नव्याने शिकणारी प्रत्येक जण टाक्याची काळजी करते. माझा आग्रह असा की काळजी कडेची करा. कड नीट वळली तर साधा हेमचा टाकाही सुरेख दिसतो, आणि कड वेडीवाकडी वळली तर कितीही बारीक टाका घातला तरी पान पानासारखं दिसत नाही. सुई धरलेल्या हाताइतकंच काम दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला असतं, हे पहिल्यापासून लक्षात ठेवा. बाकी सगळं सरावाने येतं.

कापड

कापड सुती हवं, घट्ट विणीचं आणि फार जाड नको. पॉपलीन उत्तम, केंब्रिक त्याहून उत्तम. १९०६ साली शाहू महाराजांनी कापडगिरणीचा पाया घातला ते हे गाव, आणि इचलकरंजीचे माग इथून तासाभराच्या आत. तेव्हा कापडासाठी फार लांब जायची गरज नाही. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत एखाद्या कापडाच्या दुकानात कटपीसचा ढीग असतोच. त्याहून चांगली जागा म्हणजे तुमच्या ब्लाउज शिवणाऱ्या बाई. त्यांच्याकडे वीतभर लांबीची कात्रणं रोज निघतात आणि आपल्या पानाला तेवढंच कापड लागतं.

घरातही एक साठा असतो: ओटीत आलेले ब्लाउजपीस. टू बाय टू रुबियाचे सुती पीस पाकळ्यांना फार छान, कड चटकन वळते. पण आजकाल ओटीत येणाऱ्या पिसांत पॉलिएस्टर मिसळलेलं बरंच असतं, आणि त्याची घडी बोटाखाली टिकत नाही, लगेच उसळून वर येते. हाताला कळत नसेल तर कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरून मोरीत पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मणी झाला तर तो पीस बाजूला ठेवा.

खणाचा मोह सगळ्यांना होतो. बरोबर आहे, खणाची वीण आणि त्याचे रंग दुसऱ्या कापडात नाहीत. पण खण कापला की लगेच सुटायला लागतो, कडेचे धागे हातात येतात. पहिल्या दोन-चार आकारांसाठी तो घेऊ नका. नंतर घ्याल तेव्हा मागून इस्त्रीने चिकटणारं अगदी पातळ बकरम लावा आणि आकार मोठा, गोलसर ठेवा. इरकलच्या टोप-पदराचंही तसंच.

खालच्या म्हणजे तळाच्या कापडासाठी मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ. तो आटतो मात्र चांगलाच, म्हणून मापापेक्षा जास्त घ्यावा. तळ पांढरा किंवा फिका असेल आणि वरचा आकारही फिका असेल, तर आत वळवलेल्या कडेची सावली वर दिसते; रुबियासारख्या पातळ कापडात तर नक्कीच. अशा वेळी आकाराच्या कापडाला आतून त्याच रंगाचा दुसरा पातळ तुकडा द्यावा, पण तो आखलेल्या रेषेपर्यंतच, वळणाऱ्या कडेत नको. उलट, फिक्या तळावर गडद आकार अशी जोडी निवडली की हा प्रश्नच येत नाही. पहिल्या वेळी तीच निवडा.

कात्री लावण्याआधी सगळं कापड धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळू नका. लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे रंग सोडणारे. ओल्या लाल तुकड्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवून इस्त्री फिरवा. पांढऱ्यावर डाग उमटला तर तो लाल पुन्हा धुवा. तीनदा धुवूनही रंग जात राहिला तर ते कापड या कामाचं नाही, मग ते कितीही आवडतं असो. आठ दिवस खपून शिवलेल्या फुलाचा रंग पहिल्याच धुण्यात तळावर उतरलेला बघणं फार जिवाला लागतं.

सुई, दोरा आणि बाकीचं

हाताच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबरची घ्या. घरात वाकळेसाठी असलेली जाड सुई इथे चालत नाही, ती कडेला भोक पाडते. दोरा रिळाचा, बारीक, सुती मिळाला तर सुती, नाहीतर चांगला पॉलिएस्टर. एकेरी ओवायचा, दुहेरी नाही. लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त घेतला की गुंतायला लागतो आणि प्रत्येक टाक्याला कापडातून जाऊन जाऊन शेवटाकडे विरतोही. गुंता फार होत असेल तर दोरा एकदा मेणावरून ओढून घ्या.

दोऱ्याचा रंग आकाराशी जुळवायचा, तळाशी नाही. यात नव्या माणसाची हमखास गल्लत होते. हिरवं पान पांढऱ्या कापडावर शिवताय तर दोरा हिरवा. तंतोतंत छटा मिळाली नाही तर किंचित गडद घ्या, फिकी नको. फिका दोरा चमकतो. दोरा दिवसा उजेडात निवडा. दुकानातल्या दिव्याखाली दोन हिरवे सारखे वाटतात आणि घरी खिडकीत आणले की वेगळे निघतात.

याशिवाय टोकदार छोटी कात्री, टाचण्या, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी), पेन्सिल आणि जाड पुठ्ठा. गडद कापडावर आखायला साबणाची वाळलेली पातळ चीप घ्या. तिची रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. पाण्याने पुसणारा निळा पेन वापरत असाल तर इस्त्रीच्या आधी ती रेघ पाण्याने घालवा, कारण गरम इस्त्री लागली की ती कायमची बसू शकते. बॉलपेन अजिबात नको.

टाचण्यांबद्दल एक खास कोल्हापुरी सूचना. आपला पाऊस जूनला लागतो तो सप्टेंबरपर्यंत हवेत ओल ठेवतो. या दिवसांत कापडात टोचून ठेवलेल्या साध्या टाचण्या गंजतात आणि गंजाचा डाग मग निघत नाही. काम बाजूला ठेवताना टाचण्या काढून ठेवा, किंवा टाचण्यांऐवजी कच्चा टाकाच घाला, म्हणजे नंतर उसवून काढायचा मोठा, सैल टाका. मी कच्च्या टाक्याच्या बाजूची आहे, कारण टाचणीत दोरा अडकतो तो त्रासही वाचतो.

आकार कुठून आणायचे

आपल्याच दागिन्यांकडे बघा. कोल्हापुरी साजात बेलपान आहे, चंद्र आहे, मासा आहे, कमळ आहे. हे आकार मुळातच साधे आणि ठसठशीत, लांबून ओळखू येणारे, म्हणून कापडातही छान उतरतात. मात्र शिकायचा क्रम आकाराच्या सौंदर्यावर नाही, कडेच्या अवघडपणावर ठरवायचा. आधी साधं पान: दोन बाहेरचे गोलवे आणि दोन टोकं. मग चंद्र, कारण त्यात आतला गोलवा येतो. त्यानंतर बदाम, ज्यात वर खाच असते. बेलपान तीन पानांचं आणि दोन खाचांचं, ते शेवटी.

पहिलं पान हाताएवढं मोठं घ्या, पाच इंच लांब आणि अडीच इंच रुंद. लहान आकार सोपा वाटतो, पण तो अवघड असतो, कारण वळवायच्या कडेला आत मावायला जागाच उरत नाही.

जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या. त्यावर पान काढून कापा, कड गुळगुळीत करा. पुठ्ठ्याची कड जशी, तशीच कापडावर रेघ येणार. हा साचा कापडाच्या सुलट बाजूवर ठेवायचा आणि पेन्सिलीने भोवती फिकट रेघ मारायची. सुलट बाजूवर, कारण कड वळवताना ती रेघ डोळ्यांना दिसली पाहिजे. साचा ठेवताना पान उरेब ठेवा, म्हणजे पानाची मधली शीर कापडाच्या ताण्या-बाण्याला तिरकी यावी. उरेब कड सहज वळते आणि कमी सुटते. एवढ्या एका गोष्टीने निम्मा त्रास कमी होतो.

आता रेघेबाहेर माया, म्हणजे आत वळवायचं जास्तीचं कापड, सोडून कापा. पाव इंचापेक्षा थोडी कमी, साधारण पाच मिलिमीटर. जास्त सोडली तर ती आत गोळा होऊन वर उंचवटे दिसतात, कमी सोडली तर सुटते.

तळाचं कापड बारा इंच चौरस कापा, जरी तयार चौकोन दहा इंचाचा हवा असला तरी. शिवताना कापड थोडं आखडतं आणि कडाही हाताळून सुटतात. तळाची एकदा उभी, एकदा आडवी घडी घालून नखाने चोळा. मधोमध फुली उमटते. त्या फुलीवर पान बसवा आणि रेघेच्या आत अर्ध्या इंचावर मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या. रेघेजवळ टाचू नका, कड वळायला मोकळी हवी.

पहिलं पान शिवताना

खिडकीजवळ बसा, मांडीवर उशी घ्या म्हणजे मान झुकत नाही. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जावं, डावखुऱ्यांनी उलट. सुरुवात टोकापासून कधीच करू नका. पानाच्या पोटावर, जिथे कड जवळजवळ सरळ आहे, तिथून करा.

दोऱ्याला छोटी गाठ मारा. सुरुवातीच्या जागी कड आत वळवा, एवढी की पेन्सिलीची रेघ घडीच्या आत जेमतेम लपेल. सुई घडीच्या आतून वर काढा, अगदी घडीच्या धारेवर. गाठ घडीच्या पोटात राहिली, कुणाला दिसणार नाही.

आता टाका. जिथून दोरा वर आला त्याच्या बरोबर समोर, घडीला चिकटून, सुई तळाच्या कापडात खाली घाला. पुढे नाही, मागे नाही, बरोबर समोर. सुई तळाखालून डावीकडे दोन मिलिमीटर न्या आणि तळ व घडीची धार दोन्हीतून एकदम वर काढा. धारेचे एक-दोन धागेच सुईवर यायला हवेत. दोरा ओढा, तळाला सुरकुती न पडता घडी खाली बसेल इतकाच. पुन्हा बरोबर समोर खाली. वरून दिसतो तो फक्त एक ठिपका, आणि दोऱ्याचा रंग जुळला असेल तर तोही नाही. सुई समोर न घालता पुढे तिरकी घातली की टाका तिरपा पडतो आणि कडेवर दिसतो. टाका दिसत असेल तर आधी हेच तपासा.

दरम्यान डावा अंगठा काय करतोय ते सांगते, कारण खरी हातोटी तिथे आहे. शेवटच्या टाक्यापुढची जेमतेम एक सेंटिमीटर कड वळलेली असावी, त्याहून जास्त नाही. सुईचं टोक मायेच्या खाली घाला आणि तिच्या अंगाने माया आत लोटा, झाडूने कचरा कोपऱ्यात सारावा तशी. लोटली की लगेच अंगठ्याने दाबून धरा. दोन-तीन टाके घाला, पुन्हा पुढची कड लोटा, पुन्हा अंगठा. सगळी बाजू आधीच वळवून, इस्त्री मारून मग शिवायला बसावं असं वाटतं, पण हाताने वळवत जाण्यात गोलव्याची जी लवचिकता मिळते ती त्यात मिळत नाही. बाहेरच्या गोलव्यावर मायेला कात्रीने चिरा पाडू नका. चिर पडली की तिथे कड टोचल्यासारखी बाहेर येते आणि गोलव्याऐवजी कोनच कोन दिसतात. अशी टोकं आलीच तर सुई पुन्हा घडीखाली घालून आतली माया थोडी डावी-उजवीकडे पसरवा, गोलवा परत मिळतो.

आता पानाचं टोक जवळ आलं. शेवटच्या अर्ध्या इंचात टाके जवळ जवळ घ्या, मिलिमीटरभर अंतराने. आखलेल्या दोन रेघा जिथे मिळतात तिथे टोकावरच एक टाका घाला, आणि त्याच जागी दुसरा. आता थांबा आणि कापड उचलून बघा: आधी वळवलेल्या बाजूची माया दुसऱ्या बाजूने शेपटीसारखी बाहेर आलेली दिसेल. ती शेपटी कात्रीने छाटा. टोकाखालची जास्तीची मायाही थोडी कमी करा, पण टाक्याला धक्का लावू नका. मग उरलेलं टोक आधी सरळ आडवं आत दाबा, आणि त्यानंतर सुईने दुसऱ्या बाजूची माया टोकाखाली झाडून घ्या. दोरा किंचित ओढला की टोक पुन्हा बाहेर सरकतं आणि अणकुचीदार दिसतं. पहिला टाका लगेच, दुसरा त्याच्या अगदी जवळ. दोन्ही टोकं अशीच.

टोक गोलसर आलं तर बहुतेक वेळा माया जास्त उरलेली असते. धागे बाहेर आले तर माया फार छाटली गेली. अशा वेळी ग्लू स्टिक सुईच्या टोकावर किंचित घेऊन ते धागे आत चिकटवा आणि वाळल्यावर शिवा. ग्लू स्टिक धुतली की जाते.

सुरुवातीच्या जागेपर्यंत परत आलात की दोन टाके पहिल्या टाक्यांवरून घ्या. सुई मागे काढा, आकाराच्या आतल्या बाजूला तळावर दोन-तीन बारीक टाके घेऊन दोरा पक्का करा, मग तळ आणि आकार यांच्या मधून इंचभर सुई सरकवून दोरा कापा. दोऱ्याचं टोक तळाखाली आकाराच्या बाहेर लोंबू देऊ नका, फिक्या तळातून ते दिसतं.

चंद्र, बदाम, गोल

चंद्राच्या बाहेरच्या कडेबद्दल नवं काही नाही. आतल्या कडेला मात्र माया ताणली जाते, वळत नाही, म्हणून तिथे चिरा द्याव्या लागतात. साधारण सेंटिमीटरच्या अंतराने, मायेच्या अर्ध्यापर्यंत किंवा थोड्या पुढे. रेघेपर्यंत नाही. चिरा एकदम सगळ्या देऊ नका. शिवत शिवत जाल तसा पुढचा इंचभर भाग चिरा, म्हणजे हाताळताना कापड सुटत नाही. चंद्राची दोन टोकं पानापेक्षा निमुळती. त्यांना थोडं जाड आखलंत तर पहिल्या वेळी बरं.

बदामाची खाच ही या कामातली सगळ्यात नाजूक जागा. इथे एकच चिर, सरळ खाचेच्या बिंदूकडे, आणि रेघेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबलेली. खाच जवळ येताना टाके दाट करा. बिंदूपाशी मायाच नसते, तेव्हा तिथले टाके आकारात थोडे आतून घ्यावे लागतात, दोन-तीन धागे आत. सुई दुसऱ्या बाजूने घालून एकाच झटक्यात खाचेतले धागे आत फिरवून घ्या. तिथे पुन्हा पुन्हा खाजवत राहिलात तर कापड आणखी सुटतं. दोन किंवा तीन टाके बिंदूवर, आणि पुढे चला.

फुलाच्या मधला गोल सुईने वळवत बसू नका, त्यासाठी वेगळी युक्ती आहे. पुठ्ठ्याचा गोल कापा. कापडाचा गोल त्याहून सगळीकडून पाव इंच मोठा. कडेने बारीक धावदोरा घाला, मध्ये पुठ्ठा ठेवा, दोरा ओढून चुण्या आत घ्या आणि इस्त्री दाबा. गार झाला की दोरा सैल करून पुठ्ठा काढा, पुन्हा हलकेच ओढून गाठ मारा. तयार गोल मिळतो, फक्त शिवायचा उरतो.

देठ आणि मांडणी

देठाला उरेब पट्टी. इंचभर रुंद पट्टी कापा, लांबीत तीन पदरी दुमडा, वरून इस्त्री द्या. वळणदार देठ बसवताना आतल्या वळणाची बाजू आधी शिवा. मग बाहेरची बाजू आपोआप ताणून बसते. उलट केलंत तर आतल्या बाजूला चुण्या येतात आणि त्या निघत नाहीत.

सगळ्यात खाली असेल ते आधी शिवायचं: देठ, मग देठाची टोकं झाकणारी पानं, मग पाकळ्या, शेवटी मधला गोल. दुसऱ्या आकाराखाली जाणारी कड वळवायची नाही, सपाटच ठेवायची, पाव इंच आत जाईल एवढी. नाहीतर तिथे चार पदर होतात आणि पुढे थर शिवताना सुई जात नाही.

चौकोन शिवून झाला की कच्चा टाका काढा. जाड टॉवेलवर चौकोन पालथा घाला आणि मागून इस्त्री करा. वरून केली तर आकार चपटे होतात आणि मायेच्या खुणा वर उमटतात. काहीजणी आकाराच्या मागचं तळाचं कापड कापून काढतात, म्हणजे एक पदर कमी होतो. भिंतीवर लावायच्या कामाला ते ठीक. रोज अंगावर घ्यायच्या वाकळेला मी कापत नाही. तो पदरच कडेला धरून ठेवतो.

चौकोनांचं दुपटं

सुरुवातीला नऊ चौकोनांचं बाळाचं दुपटं करावं, मोठ्या वाकळेच्या मागे लागू नये. प्रत्येक चौकोन साडेदहा इंचाचा छाटा, आकार मधोमध राहील हे बघून. पाव इंचाची शिवण घेऊन तीन-तीन जोडले की तीस इंच चौरस होतो. भोवती तीन इंचाची किनार दिली की छत्तीस इंच. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर तळाला एक मीटर आणि किनारीला अर्धा मीटर पुरतं. तळाला मांजरपाट घेत असाल तर सव्वा मीटर घ्या. मागच्या बाजूला चाळीस इंचाचा एकसंध तुकडा, जोडाशिवाय निघतो.

मध्ये काय घालायचं? वाकळेसारखे सहा-सात थर घातले तर हा बारीक दोरा आणि बारीक सुई त्यातून जाणार नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे दोन पदर पुष्कळ. साडी उजेडात धरून बघा. जिथून उजेड आरपार येतो तो भाग विरलेला, तो घेऊ नका.

थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी मधून बाहेर टाचा. मग आकाराच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटरवर धावदोरा घालत जा, तिन्ही थरांतून. हा धावदोरा आकाराला उठाव देतो, पान कापडातून वर आल्यासारखं दिसतं. त्याच्या बाहेर बोटभर अंतराने दुसरी ओळ, मग तिसरी, आणि चौकोनाच्या कडेपर्यंत. इथे वाकळेची सवय कामी येते: ज्यांच्या हाताला लांब सरळ धावदोरा बसलेला आहे त्यांचं हे काम झपाट्याने होतं. आकाराच्या आत शक्यतो शिवू नका, पाच इंचांहून मोठा असेल तरच मधून एखादी शीर घाला.

बाळाच्या दुपट्यावर मणी, टिकल्या, आरसे, बटणं काही नको. बाळ सगळं तोंडात घालतं.

धुणं आणि ठेवणं

घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली पद्धत, आणि वाकळा दगडावर आपटल्याशिवाय स्वच्छ झाल्या असं वाटत नाही. हे काम मात्र आपटायचं नाही. पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून दाबून. आकारांवर ब्रश नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवं वाळत घाला. दोरीवर टांगलं की ओल्या वजनाने उरेब कापलेल्या पानांच्या कडा ओढल्या जातात.

शिवणकाम पावसाळ्यात जरूर करा, घरात बसून करायला याहून चांगले दिवस नाहीत. धुणं मात्र दसऱ्यानंतर कडक ऊन पडेपर्यंत थांबवा. तीन थरांत ओल राहिली की बुरशीचे काळे ठिपके पडतात. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी काढून घडी वेगळ्या रेषेवर घाला, म्हणजे कापड एकाच जागी विरत नाही.